माध्यमलेखनाचे अध्यापन आणि क्रियापदाची जबाबदारी

१

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमांत ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ या किंवा याच धर्तीच्या नावाचा भाग असणे ही आता नित्याची बाब झाली आहे. व्यावहारिक मराठी, उपयोजित मराठी अशा नावांनी त्याची पूर्वपीठिका तयार झालीच होती. २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाल्यानंतर कौशल्याधिष्ठित विषयांना जे स्थान मिळाले, त्यामुळे हा भाग अधिकच दृढ झाला. साहित्याच्या अभ्यासाला व्यवहाराची जोड असावी, ही त्यामागील भूमिका रास्त आहे. परंतु भूमिका रास्त असणे आणि तदनुसार अध्यापन घडणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

या विषयाच्या अध्यापनाचा रूढ क्रम सर्वपरिचित आहे. आरंभी बातमीच्या व्याख्या, नंतर बातमीची वैशिष्ट्ये, मग काय, कोण, कोठे, केव्हा, का आणि कसे हे षट्ककार, त्यापुढे उलट्या पिरॅमिडची रचना; पुढे अग्रलेख, स्तंभ, मुलाखत, नभोवाणीवरील भाषण, जाहिरात यांचे प्रत्येकी एक-दोन पानांचे विवेचन. परीक्षेत ‘बातमीची व्याख्या देऊन तिची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो आणि आयुष्यात एकही बातमी न लिहिलेला विद्यार्थी त्याचे उत्तर लिहून उत्तीर्ण होतो. पोहण्याची व्याख्या पाठ करून नदी ओलांडल्याचे प्रशस्तिपत्र मिळावे, त्यातलाच हा प्रकार.

या पद्धतीवर प्रात्यक्षिकाच्या अभावाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खरा असला तरी अपुरा आहे. जेथे प्रात्यक्षिक घेतले जाते, तेथेही विद्यार्थ्याच्या लेखनातील दोन गोष्टीच तपासल्या जातात: शुद्धलेखन आणि आराखडा. ऱ्हस्वदीर्घ नीट आहे ना, आणि महत्त्वाचा मजकूर वर आहे ना, एवढे पाहिले की तपासणी संपते. विद्यार्थ्याने लिहिलेले वाक्य नेमके कोणते विधान करते, त्या विधानाला आधार काय आणि वाक्याच्या घडणीने कोणती गोष्ट झाकली जाते, हा प्रश्न अस्पर्शच राहतो. वस्तुतः माध्यमलेखनाचा हाच गाभा आहे. आणि मराठीत तो इतर कोठेही नसेल इतका क्रियापदात साठलेला आहे. मराठीत क्रियापदाची निवड हेच एक विधान असते, आणि जो विषय विद्यार्थ्याला या विधानाची जबाबदारी शिकवीत नाही तो माध्यमलेखनाचा विषय म्हणवून घेण्यास पात्र ठरत नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

हे प्रतिपादन अधांतरी राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवणे इष्ट ठरेल. धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव त्या दृष्टीने सोयीचे आहे. तेरणेच्या खोऱ्यातील हे गाव शेजारच्या तेरशी इतके जोडलेले आहे की गोरोबाकाकांचे गाव सांगताना ‘तेरढोकी’ असाच जोडशब्द तोंडी येतो. १८९७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेने या गावाला स्थानक दिले. आज त्याच मार्गावर रुंद रुळांची गाडी धावते. मराठवाड्यातील जुन्या सहकारी साखर कारखान्यांपैकी एक, तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना, येथेच उभा राहिला. हा कारखाना अनेक हंगाम बंद राहिला आणि पुढे भाडेतत्त्वावर चालविण्यास दिला गेला, ही गोष्ट जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. तो का बंद राहिला, याची मीमांसा हा या लेखाचा विषय नाही. येथे प्रश्न एवढाच की अशा गावातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी ही घटना लिहू लागला, तर त्याच्यापुढे मराठी भाषा कोणते पर्याय ठेवते?

निदान पाच पर्याय तरी सहज दिसतात. ‘कारखाना बंद पडला’, ‘कारखाना बंद राहिला’, ‘कारखाना बंद ठेवला’, ‘कारखाना बंद पाडला’ आणि ‘कारखाना बंद करण्यात आला’. षट्ककारांच्या चौकटीत ही पाचही वाक्ये एकाच खणात बसतात, कारण ‘काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकात आहे. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने त्यांत भेद नाही. भाषेच्या दृष्टीने मात्र ती पाच निरनिराळी विधाने आहेत.

‘बंद पडला’ या वाक्यात क्रियापद अकर्मक आहे. पडण्याची क्रिया कारखान्याचीच. ती दुसऱ्या कोणी घडविली काय, हा प्रश्न वाक्यात उद्भवतच नाही. जुने झाड वाऱ्याने पडावे तसा कारखाना पडतो. ‘बंद राहिला’ हे वाक्य केवळ स्थिती सांगते. कारणाविषयी ते मौन पाळते, परंतु खोटी सूचनाही देत नाही. ‘बंद ठेवला’ येथे क्रियापद सकर्मक झाले. कर्ता लिहिलेला नसला तरी त्याची जागा वाक्यात मोकळी असल्याचे वाचकाला जाणवते आणि ‘कोणी ठेवला?’ असे तो विचारतो. ‘बंद पाडला’ यात तर कर्त्याच्या हेतूचाही आरोप आहे. ‘बंद करण्यात आला’ या शेवटच्या वाक्यात कर्ता होता हे मान्य केलेले आहे, परंतु त्याच्या जागेवर झाकण बसविलेले आहे.

पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे अशा जोड्या, तसेच बुडणे–बुडवणे, थांबणे–थांबवणे, रखडणे–रखडवणे अशी प्रयोजक रूपे हे मराठीचे मोठे वैभव आहे. व्याकरणाच्या तासाला ही रूपे पाठ होतात. माध्यमलेखनाच्या तासाला त्यांची आठवण कोणालाही राहत नाही. परंतु वृत्तपत्राचे कोणतेही पान उघडले तर याच जोड्यांवर बातमीचा न्याय अवलंबून असल्याचे दिसून येईल. ठेवी बुडाल्या की बुडवल्या? वीज गेली की तोडली? पाणी सुटले की सोडले? काम रखडले की रखडवले? व्याकरण आणि वृत्तलेखन हे दोन वेगळे तास मानण्याचा परिपाठ येथेच निष्फळ ठरतो.

३

या भेदाला केवळ शैलीचे मूल्य आहे, असे कोणी म्हणेल. त्याच्यासाठी उसाच्या बिलाचे उदाहरण पुरेसे आहे. ‘शेतकऱ्यांची बिले थकली’ हे वाक्य उसाच्या पट्ट्यात दरवर्षी वाचावयास मिळते. थकणे हे मूळचे देहाचे क्रियापद. माणूस थकतो, बैल थकतो. पैशाच्या बाबतीत ते रूढ झाले असले तरी त्याचा मूळ स्वभाव सुटलेला नाही: थकण्याला कोणी जबाबदार नसतो. उलट, ‘बिले थकवली’ असे म्हणताच देणे कोणाचे आणि मुदत कोणती, हे प्रश्न पुढे येतात.

आता कायदा काय सांगतो ते पाहावे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये, उभयपक्षी निराळा लेखी करार नसल्यास, ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याची किंमत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. त्यापुढील विलंबाला वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागू होते. किमतीचा आधार २००९ पासून ‘रास्त आणि किफायतशीर दर’ हा आहे; त्यापूर्वी तो वैधानिक किमान दर होता. म्हणजे पंधराव्या दिवसापासून हे देणे आपोआप थकत नाही. ज्याने ते द्यावयाचे, त्याने ते दिलेले नसते. ‘थकली’ असे लिहिणारा वार्ताहर या आदेशातील कर्त्याला वाक्यातून बाहेर काढतो, आणि तेही नकळत. वाचकाच्या, म्हणजे बहुधा त्या ऊस-उत्पादकाच्याच, मनावर असा ग्रह होतो की हा दैवाचा भाग आहे. दुष्काळ पडतो, कीड पडते, तसे बिल थकते.

परंतु येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोहही तितकाच घातक आहे. शेतकऱ्याच्या बाजूने लिहावयाचे म्हणून सरसकट ‘थकवली’ लिहावे, असा याचा अर्थ नव्हे. ‘थकवली’ हे विधान सिद्ध करावे लागते. ऊस कोणत्या तारखेला गेला, वजनाची पावती काय सांगते, १४ दिवस केव्हा संपले, निराळा करार होता काय, अंशतः रक्कम मिळाली काय, हे पाहिल्यावाचून ते क्रियापद वापरण्याचा अधिकार वार्ताहराला पोहोचत नाही. मानहानीची तरतूद, जी पूर्वी भारतीय दंड संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, तीही अशा वेळी लक्षात ठेवावी लागते. सारांश, सकर्मक क्रियापद कष्टाने मिळवावे लागते. ‘पडला’वरून ‘ठेवला’कडे आणि ‘थकली’वरून ‘थकवली’कडे जाण्याचा मार्ग चौकशीतून जातो. वर्गात हा मार्ग शिकविला, तर ‘का’ आणि ‘कसे’ हे दोन ककार केवळ पाठ करण्याचे राहणार नाहीत; ते क्रियापद निवडण्याचे साधन ठरतील.

अकर्मक क्रियापद सदैव अप्रामाणिक असते, असेही समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला तेव्हा ‘घरे पडली’ हेच यथार्थ वाक्य होते. ती कोणी पाडली नव्हती. तरीही तेथे थांबणारी बातमी अपुरीच राहिली असती. जाड दगडी भिंती, मातीचा दर्जा आणि वर माळवदाचा अवजड भार अशी त्या घरांची बांधणी होती, आणि मृत्यूंची संख्या हजारांत जाण्यास ती बांधणी मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. ‘पडली’ हे क्रियापद कायम ठेवून त्याच्या पोटातील ‘का’ उलगडणे, हे त्या वेळच्या वार्ताहराचे काम होते. म्हणून विद्यार्थ्याला ‘अकर्मक टाळा’ असा नियम देऊन भागणार नाही. प्रत्येक प्रसंगी घटनेचे स्वरूप आणि क्रियापदाचे स्वरूप जुळते काय, हे तपासण्याची सवय त्याला लावावी लागेल.

४

वृत्तपत्रीय मराठीत ‘करण्यात आले’, ‘सांगण्यात आले’, ‘देण्यात आले’ या घडणीचा जो सुकाळ झाला आहे, त्याची मुळे दुहेरी आहेत. एक मूळ इंग्रजीच्या सान्निध्यात आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले ‘दर्पण’ इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत निघत असे. म्हणजे मराठी पत्रकारिता पहिल्या दिवसापासून इंग्रजीच्या शेजारी बसून लिहू लागली. या शेजाराने मराठी गद्याला पुष्कळ दिले, हे निर्विवाद. शालेय व्याकरणांत जो ‘नवीन कर्मणी’ प्रयोग सांगितला जातो, त्याची घडणही इंग्रजीच्या प्रभावाशीच जोडली जाते. तथापि पहिला मराठी संपादक स्वतः व्याकरणकारही होता, बालव्याकरण लिहिणारा होता, ही गोष्ट मराठीच्या आजच्या माध्यमशिक्षणाने विसरता कामा नये. दोन भाषांच्या शेजारात वाक्य जाणीवपूर्वक घडवावे लागते, नपेक्षा ते शेजाऱ्याच्या वळणाने जाते, हे व्याकरण जाणणाऱ्या संपादकाला सांगावे लागत नाही.

दुसरे मूळ कार्यालयीन मराठीत आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये झाला आणि राज्यकारभार मराठीतून चालू लागला. शासकीय आदेशात अधिकारपदावरील व्यक्तीपेक्षा निर्णयाला महत्त्व असते. म्हणून ‘मंजुरी देण्यात येत आहे’ ही घडण तेथे काही अंशी समर्थनीय आहे. परंतु शासनाचे पत्रक जसेच्या तसे बातमीत उतरते तेव्हा कार्यालयाची सोय ही वाचकाची गैरसोय होते. मराठवाड्यात हा प्रश्न आणखी एका कारणाने नाजूक आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि मराठी वृत्तपत्राला मोकळेपणाने बोलण्याची मुभा नव्हती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्रावर बंदी आली तेव्हा ते निरनिराळ्या नावांनी काढावे लागले. कर्त्याचे नाव घेण्याची किंमत मोजावी लागत होती त्या काळात या प्रदेशातील पत्रकारांनी ती मोजली. आज ते नाव बहुधा केवळ सवयीने गाळले जाते, हा विरोधाभास विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देण्याजोगा आहे.

उलट्या पिरॅमिडच्या रचनेचाही येथे विचार केला पाहिजे. ही रचना ज्या भाषेत रूढ झाली, तिच्यात कर्ता आणि क्रियापद वाक्याच्या आरंभीच येतात. त्यामुळे पहिल्या ओळीतच कोणी काय केले ते कळते. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्या रचनेचे यांत्रिक अनुकरण झाले म्हणजे पुढीलसारखे वाक्य तयार होते. ते केवळ नमुन्यादाखल रचलेले आहे: ‘धाराशिव तालुक्यातील ढोकी परिसरातील विविध गावांतील ऊस-उत्पादक शेतकऱ्यांच्या गतहंगामातील थकीत बिलांच्या मागणीच्या अनुषंगाने संबंधितांच्या उपस्थितीत आयोजित बैठकीत सकारात्मक चर्चा करण्यात आली.’ यात सर्व मजकूर वर आणलेला आहे, शुद्धलेखन निर्दोष आहे आणि आराखड्याप्रमाणे पूर्ण गुण द्यावे लागतील. परंतु षष्ठीच्या साखळीतून वाट काढीत वाचक क्रियापदाशी पोहोचतो तेव्हा त्याच्या हाती काहीच लागत नाही. कोण बोलले, काय ठरले, पैसे केव्हा मिळणार, यांपैकी एकही गोष्ट तेथे नाही. नभोवाणीवर असे वाक्य वाचले गेले तर श्रोत्याची स्थिती अधिकच बिकट होते, कारण त्याला मागे वळून पुन्हा वाचता येत नाही. श्राव्य माध्यमासाठी मराठी वाक्य लहान का असावे, याचे कारण ‘सोपी भाषा वापरावी’ या उपदेशात शोधण्याचे प्रयोजन नाही. क्रियापद येईपर्यंत श्रोत्याला सर्व नामे स्मरणात धरून ठेवावी लागतात, हे कारण विद्यार्थ्याला सांगितले तर नियम त्याला आपोआप सापडेल.

५

कर्त्याइतकाच आधाराचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ऐकीव माहिती सांगताना मराठी बोलणारा मनुष्य ‘म्हणे’ हा छोटा शब्द वाक्याच्या शेवटी जोडतो. ‘कारखाना यंदा सुरू होणार म्हणे.’ या एका शब्दाने तो दोन गोष्टी कळवितो: ही बातमी आपण पाहिलेली नाही, आणि तिची हमी आपण घेत नाही. चावडीवर, बसथांब्यावर, स्थानकावर हा शब्द अचूकपणे वापरला जातो. पाहिलेली गोष्ट सांगताना कोणीही ‘म्हणे’ जोडीत नाही. हाच मनुष्य वार्ताहर झाला की ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जाते’ अशी क्रियापदे वापरू लागतो. कोणाला समजले आणि कोणाकडून कळले, हे सांगण्याची जबाबदारी त्याने टाळलेली असते, परंतु मुद्रित अक्षराच्या प्रतिष्ठेमुळे वाचकाला ते सिद्ध वाटते. बोलीने प्रामाणिकपणे दिलेली शंका अशा रीतीने छापताना नाहीशी होते.

कथनवाचक क्रियापदांचीही हीच गत आहे. ‘सांगितले’ आणि ‘म्हणाले’ ही बहुतांशी तटस्थ क्रियापदे होत. ‘दावा केला’ म्हणताच वक्त्याच्या सत्यतेविषयी संशय सूचित होतो. ‘कबूल केले’ म्हणजे गोष्ट खरी आणि वक्त्याला अडचणीची आहे, असे लेखकाने गृहीत धरलेले असते. ‘स्पष्ट केले’ हे तर सर्वांत फसवे; कारण जे स्पष्ट केले ते खरे होते, असे ते वाचकाकडून वदवून घेते. एखाद्या अधिकाऱ्याचे ‘निधी कमी पडू दिला जाणार नाही, असे स्पष्ट केले’ आणि ग्रामस्थाचे ‘निधी मिळालाच नाही, असा आरोप केला’ ही दोन वाक्ये एकाच बातमीत शेजारीशेजारी आली म्हणजे निवाडा क्रियापदांनीच देऊन टाकलेला असतो. भाषाविज्ञान ज्याला पूर्वगृहीत म्हणते, त्याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही; आणि ते शिकविण्यासाठी परकीय ग्रंथांकडे जाण्याची गरज नाही, स्थानिक वृत्तपत्राचा एक अंक पुरतो.

६

याच ठिकाणी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेचा विचार प्राप्त होतो. धाराशिव-लातूरकडील बोलीत ‘काय करायलास?’ असे विचारले जाते. प्रमाण मराठीतील ‘काय करतो आहेस?’ याचे ते तुल्य रूप आहे. ‘शेतकरी वाट पाहायलेत’ असे विद्यार्थ्याने लिहिले की तांबड्या शाईने ते खोडले जाते. वृत्तपत्रासाठी प्रमाण रूप शिकविणे आवश्यकच आहे. त्याविषयी वाद नाही. परंतु खोडणे आणि शिकविणे यांत अंतर आहे. ‘पाहायलेत’ हे चालू क्रियेचे नियमबद्ध रूप असून प्रमाण भाषेत त्याच्या जागी ‘पाहत आहेत’ येते, असे सांगणारा अध्यापक विद्यार्थ्याला दोन्ही भाषारूपांचा मालक करतो. नुसते खोडणारा अध्यापक त्याला एवढेच शिकवितो की आपल्या तोंडी जे आहे ते लिहिण्याच्या लायकीचे नाही. असा विद्यार्थी पुढे ‘संबंधितांच्या उपस्थितीत सकारात्मक चर्चा’ लिहू लागला, तर नवल ते कोणते? स्वतःची भाषा सोडावयास लावल्यावर त्याच्या हाती परिपत्रकाचीच भाषा उरते.

वास्तविक, अशा विद्यार्थ्याजवळ शहरी उपसंपादकाला दुर्लभ असलेले शब्दज्ञान असते. ‘उचल’ हाच शब्द घ्यावा. ऊस-उत्पादकाच्या बाबतीत ‘पहिली उचल’ म्हणजे त्याच्याच मालाच्या किमतीचा पहिला हप्ता. ऊसतोड मजुराच्या बाबतीत ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली आणि कामातून फेडावयाची रक्कम. एकाची उचल हे त्याचे येणे, दुसऱ्याची उचल हे त्याचे देणे. हा भेद ज्या बातमीत सुटला, तिचा अर्थच उलटतो. ‘कोयता’ या शब्दाचेही तसेच. तोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. ‘इतके कोयते रवाना झाले’ असे छापले जाते तेव्हा मोजमापाच्या त्या एककात एक स्त्री अदृश्य झालेली असते. तोडीला जाणाऱ्या घरातील विद्यार्थ्याला हे ठाऊक असते. फक्त ते ज्ञान म्हणजेच माध्यमलेखनाचे भांडवल आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

खेड्यात बसून खेड्याच्या भाषेत पत्र चालविता येत नाही, हा समज इतिहासाने खोटा ठरविला आहे. मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक चालविले आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या लहानशा गावातून ते १९६७ पर्यंत निघत राहिले. सुमारे सहा दशके एका खेड्यातून निघणाऱ्या या पत्राने शेतकऱ्याला बातमीचा विषय केले, तसेच तिचा वाचकही केले. ढोकीच्या परिसरात लिहिण्यासारखे काही घडत नाही, असेही म्हणता येत नाही. शेजारच्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत परिषद भरली होती. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे. तरीही तेरवर लेख लिहावयास सांगितले की विद्यार्थी ‘गौरवशाली वारसा’ आणि ‘पावन भूमी’ या विशेषणांपलीकडे जात नाही. संग्रहालयातील एका मृण्मूर्तीचे दहा ओळींत नेमके वर्णन करणे त्याला जमत नाही, कारण तसे करण्यास त्याला कधी सांगितलेलेच नसते.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की वृत्तपत्राच्या कार्यालयात इतक्या सूक्ष्म विचाराला वेळ नसतो. भ्रमणध्वनीवर बातमी मिनिटांत द्यावी लागते. हा आक्षेप वस्तुतः या प्रतिपादनाला बळकटीच देतो. कार्यालयात वेळ नसतो म्हणूनच हा विचार वर्गात सवयीचा झाला पाहिजे. घाईत मनुष्य विचार करीत नाही, सवयीने वागतो. आणि सवय लावण्याचे स्थान महाविद्यालय हे आहे. दुसरा आक्षेप तटस्थतेचा. कर्ता दाखविणे म्हणजे पक्ष घेणे नव्हे काय? परंतु ‘बंद पडला’ हे वाक्य तटस्थ आहे, हा भ्रम आहे. ते कोणालाही दोष देत नाही म्हणून निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात कोणीही दोषी नाही, असा निवाडा त्याने दिलेला असतो. माहिती नसेल तर ‘बंद राहिला’ आणि माहिती असेल तर नावानिशी ‘बंद ठेवला’, ही खरी तटस्थता होय.

अध्यापनात करावयाचा बदल मोठ्या खर्चाचा नाही. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही, संगणककक्षही लागत नाही. एकाच घटनेची बातमी निरनिराळ्या क्रियापदांनी लिहवून घ्यावी आणि प्रत्येक क्रियापदासाठी कोणता पुरावा लागेल, ते समासात नोंदवावयास सांगावे. छापील बातमीतील प्रत्येक ‘-ण्यात आले’ खाली रेघ ओढून कर्ता शोधण्यास लावावे. सापडला नाही तर तो कोठे विचारता येईल, हे लिहवून घ्यावे. गावात ऐकलेल्या दहा वाक्यांतील ‘म्हणे’ कोठे आले, कोठे आले नाही, याची नोंद करावयास सांगावी. एक मजकूर मुद्रणासाठी आणि तोच नभोवाणीसाठी लिहवून दोन्हींतील क्रियापदांची जागा ताडून पाहावी. आणि प्रश्नपत्रिकेत बातमीची व्याख्या विचारण्याऐवजी पाच कच्च्या नोंदी, दोन परस्परविरोधी जबान्या आणि एक शासकीय पत्रक देऊन त्यावरून दीडशे शब्दांची बातमी मागावी. अर्धे गुण बातमीला आणि अर्धे क्रियापदांच्या समर्थनाला ठेवावेत.

असे झाले तर या विषयातून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी पत्रकार होईल, असे नाही; बहुसंख्य होणारही नाहीत. परंतु ते सर्व वाचक असतील. कारखान्याची, बँकेची, धरणाची बातमी वाचताना ‘पडला’, ‘थकली’, ‘करण्यात आले’ या शब्दांपाशी क्षणभर थांबून ‘कोणी?’ असे विचारणारा वाचक तयार करणे, हे मराठीच्या अध्यापकाच्या आवाक्यातील काम आहे, आणि मराठीच्या अध्यापकाशिवाय ते दुसरे कोणी करणार नाही.